माळावर झाडं लावण्याआधी: सोलापूरच्या गवताळ रानाचा हिशेब

गवतकाडी (धागाकर्ता)

जून जवळ आला की आपल्याकडे गायरानात, माळावर खड्डे पडायला लागतात. हेतू चांगला असतो, पण जागा चुकते. म्हणून हा धागा काढतोय. उत्तर सोलापूर, मोहोळ, बार्शी, करमाळा या पट्ट्यातलं माळरान म्हणजे झाडं नसलेली रिकामी जमीन नव्हे. ती स्वतःची उत्पादक, भक्षक आणि विघटक यांची पूर्ण साखळी असलेली परिसंस्था आहे. तिथे झाडांची गर्दी केली तर नवं जंगल उभं राहत नाही, आहे ती परिसंस्था मात्र मोडते.

कारण पाणी आणि मातीत आहे. आपण पर्जन्यछायेत. जिल्ह्याची वर्षाची सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, त्यातला मोठा वाटा सप्टेंबरच्या परतीच्या पावसाचा, आणि मे महिन्यात पारा 43-44 च्या घरात. भीमा-सीनेच्या काठाला खोल काळी माती आहे, पण उंचवट्यावर वीतभर मातीखाली थेट मुरूम आणि खाली बसाल्टचा कातळ. एवढ्या उथळ मातीत आठ महिने पावसाशिवाय तग धरायचा तर गवतासारखं शहाणं दुसरं काही नाही. चार महिन्यांत वाढायचं, बी टाकायचं, वरचा भाग वाळू द्यायचा आणि जीव मुळांच्या गड्ड्यात ठेवायचा.

माळाची गवतंही एकसारखी नसतात. चांगल्या राखलेल्या माळावर पवन्या, मारवेल, डोंगरी ही बहुवर्षायू गवतं दिसतात. त्यांचे ठोंब धरून ओढले तरी उपटत नाहीत. चराई वाढली की आधी पवन्या मागे पडतो, कुसळी वाढते. आणखी वाढली की कुसळीही विरळ होऊन तीन कुसळांचं ॲरिस्टिडा आणि बोटभर उंचीची वर्षायू गवतं येतात, मधे मधे तरवड डोकं काढतो, कारण त्याला जनावर तोंड लावत नाही. हा क्रम उलटा वाचला की माळाची तब्येत कळते. उपकरण लागत नाही, गवत ओळखता आलं पाहिजे.

शाळामास्तर

वेळेवर धागा आला. आमच्या शाळेच्या हरित सेनेतर्फे गावाजवळच्या दोन हेक्टर गायरानात 200 रोपं लावायचं ठरतंय. कडुनिंब, करंज, गुलमोहर अशी यादी आहे. जागा योग्य की अयोग्य हे ठरवायची मुलांना करता येईल अशी पद्धत सांगा. नुसतं "लावू नका" म्हटलं तर ग्रामपंचायतीत ते पटवून देता येणार नाही.

गवतकाडी (धागाकर्ता)

मास्तर, दोन गोष्टी करा, दोन्ही एका दिवसात होतात.

पहिली, मातीची खोली. गायरानात सारख्या अंतरावर पाच-सहा ठिकाणी पहारीने एक फूट रुंद चाचणी खड्डा घ्या. 20-25 सेंटिमीटरवर पहार मुरमावर खणकन वाजली तर ती गवताची जमीन. तिथे 45 सेंटिमीटरचा घनाकृती खड्डा खोदून वरची माती भरून रोप लावलं की पहिलं वर्ष ते छान दिसतं. मग मुळं खड्ड्याच्या कडेच्या मुरमाला थडकतात, गोल फिरतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या उन्हाळ्यात रोप वाळतं. टँकरने पाणी घातलं तर जगतं, पण टँकर बंद झाला की तेवढंच. याउलट 60 सेंटिमीटरच्या पुढे माती लागली, म्हणजे ओढ्याकाठ, बांध, गाळाची जागा, तर तिथे झाड शोभतं.

दुसरी, गवताची मोजणी. 1 मीटर × 1 मीटरची चौकट करा. प्लास्टिकच्या पाइपचे चार तुकडे आणि चार एल्बो पुरतात, नाहीतर बांबूच्या कामट्या. 100 मीटरची दोरी माळावर सरळ ताणा आणि दर 10 मीटरला चौकट ठेवा. दहा चौकटी होतात. प्रत्येकीत तीन नोंदी: जमिनीचा किती भाग गवताने झाकलाय, कोणती गवतं आहेत, आणि बहुवर्षायू ठोंब किती. ही मोजणी ऑक्टोबरच्या शेवटी करायची, बी पिकलेलं असतं आणि कापणी झालेली नसते. जूनमध्ये केली तर सगळा माळ मेलेलाच दिसेल आणि निकाल चुकेल.

निम्म्याहून जास्त चौकटींत पवन्या, मारवेल, डोंगरी, कुसळी यांचे ठोंब असतील तर तो जिवंत माळ समजा, तिथे खड्डा नको. सगळीकडे उघडा मुरूम आणि तरवड असेल तर माळ आजारी आहे. पण त्याचंही औषध गवतच.

चंडोल

पक्ष्यांच्या बाजूने एक अत्यंत महत्त्वाचा मुद्दा. माळटिटवी, धाविक, चंडोल, सगळ्यांची घरटी उघड्या जमिनीवर. माळटिटवी आणि धाविकाचा विणीचा हंगाम मार्चपासून पावसाळ्याच्या सुरुवातीपर्यंत, आणि वृक्षारोपणाचे खड्डे खोदायचा हंगामही एप्रिल ते जून. अंडी मुरमाच्या खड्यांच्या रंगाची असतात, फावड्याखाली गेली तरी मजुराला कळत नाही. जेसीबीने चर मारले तर अख्ख्या पट्ट्याची वीण त्या वर्षी गेलीच.

दुसरं असं की माळावरचे पक्षी आणि काळवीट लांबवर दिसण्यावर जगतात. शत्रू दूरवर दिसला की उडायचं किंवा पळायचं, हाच त्यांचा बचाव. मधे झाडांची रांग आली की नजर अडते. शिवाय कावळ्यांना आणि शिकारी पक्ष्यांना टेहळणीला फांद्या मिळतात, आणि जमिनीवरची अंडी त्यांना आयती सापडतात.

सोलापूरजवळच्या नान्नजचं उदाहरण सर्वांना ठाऊक असावं. 1979 साली माळढोक अभयारण्य जाहीर झालं. त्या रानातही पूर्वी गिरिपुष्पाचे (ग्लिरिसिडिया या बाहेरून आणलेल्या झाडाचे) पट्टे लावले गेले. माळढोक वर्षाला बहुधा एकच अंडं घालतो, तेही उघड्यावर. एवढ्या संथ वाढीच्या पक्ष्याला अधिवासाचा छोटासा तुकडा गमावणंही जड जातं. माळ तुटत गेला, भोवती ज्वारी-हरभऱ्याच्या जागी ऊस आणि द्राक्षं आली, विजेच्या तारा आल्या. आज तिथे माळढोक दिसणं दुर्मिळ झालंय.

रानवाट

थोडा विरोधी सूर. माळ हा मुळात तुटलेल्या जंगलाचा अवशेष आहे, त्याला राखलं की अनुक्रमणाने तो पुन्हा जंगल होईल, असं परिस्थितिकीच्या पाठ्यपुस्तकातच शिकवतात. आधी गवत, मग झुडूप, मग वृक्ष. मग झाडं लावून आपण तीच प्रक्रिया वेगवान करतोय, यात बिघडलं कुठे?

गवतकाडी (धागाकर्ता)

रानवाट, प्रश्न रास्त आहे आणि गोंधळाचं मूळही इथेच आहे. अनुक्रमण शेवटी कुठे थांबेल हे हवामान, माती, चराई आणि आग मिळून ठरवतात. महाबळेश्वरला ते सदाहरित जंगलात थांबेल, सोलापूरच्या मुरमाड उंचवट्यावर ते विरळ झाडांच्या गवताळ रानात थांबतं. हिवर, बोर, बाभूळ अशी तुरळक झाडं माळावर आपोआप असतात आणि ती असावीतच. प्रश्न दाटीचा आहे.

आणि माळ नवा नाही. उष्ण प्रदेशातली ही गवतं प्रकाशसंश्लेषणाची वेगळी पद्धत वापरतात. कडक उन्हात, कमी पाण्यात त्यांची वाढ झाडांपेक्षा किफायतशीर होते. हिमालयाच्या पायथ्याच्या शिवालिक टेकड्यांच्या थरांतल्या जुन्या मातीतल्या कार्बनवरून कळतं की भारतीय उपखंडात अशी गवतं 70-80 लाख वर्षांपूर्वी पसरायला लागली. तेव्हा जंगल तोडायला माणूसच नव्हता. काळवीट, धाविक, माळढोक हे उघड्या रानासाठीच घडलेले प्राणी. चार-पाचशे वर्षांच्या जंगलतोडीतून अशी जात तयार होत नाही.

याच गवतांना सावली मात्र सोसत नाही. सुबाभूळ किंवा गिरिपुष्पाचं छत मिटलं की पाच-सहा वर्षांत खालचा पवन्या संपतो. वेडी बाभूळ तर लावावीही लागत नाही. शेंगा खाऊन जनावरं तिचं बी शेणातून पसरवतात. ती रोपटी असतानाच मुळासकट उपटावी, कारण बुंध्यातून तोडली की दुप्पट फुटते.

काळीमाती

कार्बनचा मुद्दा कुणीतरी काढणारच, म्हणून आधीच लिहितो. झाडाचा कार्बन बराचसा जमिनीवर, खोडात असतो. दुष्काळात झाड वाळलं किंवा वणव्यात जळलं की तो परत हवेत. गवताचा कार्बन मुख्यतः मुळांत आणि मातीत असतो. वरचं गवत जळालं तरी तो जागेवर राहतो, आणि जमीन नांगरली किंवा खोदली तरच झपाट्याने निसटतो. त्यामुळे चांगल्या माळावर सलग समतल चर (उताराला आडवे, एकाच पातळीत खणलेले लांब चर) मारणं मला अजिबात पटत नाही. चर खणताना मुरूम वर येतो आणि वीतभर सुपीक माती त्याखाली गाडली जाते. त्या ढिगावर पुढची काही वर्षं तरवड आणि गाजरगवत सोडून काही येत नाही. ज्या उतारावर गवताचे ठोंब दाट आहेत तिथे ठोंबच पाण्याचा वेग मोडतात. चर हवेत ते उघड्या पडलेल्या, घळी पडायला लागलेल्या उतारावर.

एक पाहण्यासारखी गोष्ट. मुसळधार सरीनंतर ठोंबाच्या वरच्या बाजूला काटक्या, लेंड्या आणि बारीक मातीचा छोटा बांध साठलेला दिसतो. खालच्या बाजूला पाणी निवळ. प्रत्येक ठोंबाला आपापला बांध असतो.

शाळामास्तर

हे ग्रामपंचायतीला दाखवता येईल. पण पुढचा प्रश्न तिथे नक्की येणार: गवत राखून गावाला काय मिळणार? गावात मेंढरं आहेत, गाई आहेत.

गवतकाडी (धागाकर्ता)

मग धारणक्षमतेचा, म्हणजे माळ किती जनावरं पोसू शकतो याचा, हिशेब मांडा. त्याच दहा चौकटींत गवत जमिनीपासून 5 सेंटिमीटर उंचीवर विळ्याने कापा, प्रत्येक चौकटीचं वेगळं पिशवीत भरा, तीन-चार दिवस उन्हात वाळवा आणि लागोपाठ दोन दिवस वजन सारखं भरलं की नोंदवा. ओल्या गवतात निम्म्याहून जास्त पाणी असू शकतं, म्हणून ओलं वजन धरलं की सगळा हिशेब कोसळतो.

समजा वाळलेली वजनं ग्रॅममध्ये अशी आली: 90, 160, 210, 0, 140, 185, 120, 60, 230, 155. बेरीज 1350, सरासरी 135 ग्रॅम प्रति चौरस मीटर. याला 10 ने गुणलं की किलो प्रति हेक्टर, म्हणजे 1350 किलो.

यातलं शून्य महत्त्वाचं आहे. उघडा मुरूम आला म्हणून चौकट सरकवायचा मोह होतो. 90, 60 आणि 0 वगळले तर सरासरी 171 वर जाते, उत्पादन हेक्टरी साडेतीनशे किलोंनी फुगतं आणि तेवढी जास्तीची जनावरं माळावर सोडली जातात. दोरीवर जिथे खूण येईल तिथेच चौकट.

आता यातलं अर्धंच जनावरांचं. उरलेलं अर्धं मुळांच्या साठ्याला, बियांना आणि जमीन झाकायला. म्हणजे 675 किलो. 30 किलोची मेंढी दिवसाला साधारण 1 किलो सुका चारा खाते. वर्षभराचा विचार केला तर हेक्टरी दोनसुद्धा मेंढ्या बसत नाहीत. 300 किलोच्या गाईला दिवसाला साडेसात किलो, वर्षाला पावणेतीन टन, म्हणजे एका गाईमागे चार हेक्टर माळ.

पशुवैद्य

हिशेब बरोबर, पण आपल्याकडे जनावर वर्षभर माळावर नसतं. सुगीनंतर मेंढरं काळ्या रानात उतरतात, शेतात बसवली जातात, गाईला कडबा असतो. माळाचा ताण खरा पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंतचा. 675 किलो 120 दिवसांवर वाटले की हेक्टरी पाच-साडेपाच मेंढ्या येतात. ग्रामसभेत हाच आकडा मांडा, वर्षाचा मांडलात तर मेंढपाळ उठून जातील, आणि त्यांचं चुकणार नाही.

मेंढरं शेतात बसवण्यालाही परिस्थितिकीत अर्थ आहे. माळावरचं नत्र आणि स्फुरद लेंड्यांतून शेतात जातं. शेताचा तो फायदा, माळाची तेवढी वजाबाकी. म्हणून माळावर चरलेल्या कळपाने काही रात्री माळावरच मुक्काम केला तर पोषकद्रव्यांचं चक्र पूर्ण होतं.

दुसरा मुद्दा शेणकिड्यांचा. पावसाळ्यात ताजा पो उलटून बघा, खाली बोटभर जाडीची बिळं आणि मऊ झालेली माती दिसते. किडे शेण खाली नेतात, खत मुरतं, माश्यांची पैदास घटते. पण जंतनाशकाचं आयव्हरमेक्टिन इंजेक्शन दिलं की औषध मुख्यतः शेणातून बाहेर पडतं, पहिले काही दिवस सर्वात जास्त आणि पुढे दोन-तीन आठवडे. अशा शेणात किड्यांच्या अळ्या मरतात. म्हणून सरसकट टोचू नका, आधी शेण तपासून घ्या. द्यावंच लागलं तर पहिला आठवडा जनावर गोठ्यात ठेवा आणि ते शेण खतखड्ड्यात टाका. नुसत्या जंतांसाठी फेनबेंडॅझोल चालत असेल तर त्याचा शेणकिड्यांना त्रास बराच कमी.

चंडोल

साखळीचा वरचा टप्पाही मुलांना सांगा. एका पायरीवरून वरच्या पायरीवर साधारण दहावा हिस्सा ऊर्जा पोचते. गवत, नाकतोडे, चंडोल, मग शिकारी. म्हणून वर जाल तसे प्राणी कमी आणि त्यांना लागणारं रान मोठं. लांडग्यांच्या एका कळपाचा वावर शंभर चौरस किलोमीटरच्या पुढे जातो, दोन हेक्टरचा तुकडा त्यात ठिपक्याएवढा. पण असे ठिपके जोडलेले राहिले तरच कळप टिकतो. हिवाळ्यात मध्य आशियातून येणारे भोवत्या ससाणे नाकतोडे खातात आणि रात्री गवतातच, जमिनीवर, थव्याने मुक्काम करतात. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास, म्हणजे जानेवारीत, संध्याकाळी माळाच्या कडेला शांत उभं राहिलं तर उतरताना मोजता येतात. मुक्कामाच्या जागेत शिरू मात्र नका.

रानवाट

मुद्दे पटले. मग आजारी माळाचं काय? बी फेकून गवत येतं का? आणि स्टायलो मिसळावं का? चारा चांगला मिळतो म्हणतात.

गवतकाडी (धागाकर्ता)

नैसर्गिक माळावर स्टायलो नको. ते बाहेरचं द्विदल आहे, शेताच्या बांधावर किंवा चाऱ्याच्या प्लॉटमध्ये लावायला हरकत नाही.

बियाणं जवळच्याच चांगल्या माळावरून, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, ओंबी हाताने ओरबाडल्यावर सहज सुटायला लागली की घ्या. एका पट्ट्यातून निम्म्याहून जास्त ओंब्या घेऊ नका. सावलीत वाळवून कापडी पिशवीत पुढच्या जूनपर्यंत ठेवा. ताजं बी लगेच पेरलं तर उगवत नाही, कारण या गवतांचं बी काही महिने सुप्तावस्थेत असतं. "बी खोटं निघालं" ही तक्रार बहुतेक वेळा यातूनच येते.

पेरणी पहिल्या पावसाच्या तोंडावर. बी कुसळांमुळे गुंतून गोळा होतं, म्हणून पोयटा माती आणि शेणखत समप्रमाणात घेऊन बी कालवा, हरभऱ्याएवढ्या गोळ्या करून वाळवा. यामुळे वाऱ्याने उडत नाही आणि मुंग्याही कमी नेतात. जमीन दाताळ्याने हलकी खरवडा, गोळ्या टाका, वर माती लोटू नका. एक सेंटिमीटरच्या खाली गेलेलं बारीक बी वर येत नाही. नांगरट तर मुळीच नको, असलेले ठोंबही जातील.

मारवेलसाठी बियाण्यापेक्षा ठोंब फोडून लावणं खात्रीचं. जुलैत, ओल असताना, दोन-तीन फुटव्यांचे तुकडे 50 × 50 सेंटिमीटरवर लावले की हेक्टरी 40,000 लागतात. एवढं जमणार नाही, म्हणून उघड्या चट्ट्यांवरच लावा, पुढे ते आपोआप पसरतात.

काळीमाती

त्यानंतर बंदिस्ती. पहिली दोन वर्षं पेरलेल्या भागात चराई बंद, पण दिवाळीनंतर विळ्याने कापून नेऊ द्या. गावाला चारा मिळतो आणि वाळलेलं गवत साठून वणव्याचं इंधन होत नाही. गायरानाचे चार भाग पाडा, दरवर्षी एक भाग बी गळेपर्यंत बंद. बाकीच्या भागांतही पहिल्या पावसानंतर साधारण सहा आठवडे जनावर सोडू नये. कोवळा फुटवा मुळांतल्या साठ्यावर वाढत असतो, तेव्हाच खाल्ला तर साठा भरून निघायच्या आतच संपतो.

जाळरेषेचं विसरू नका. वणव्याचा हंगाम फेब्रुवारीच्या मध्यापासून धरतात, त्याआधी रस्त्याच्या बाजूने 3 ते 6 मीटर रुंद पट्टा कापून साफ करा. अधूनमधून लागलेल्या आगीतून ठोंब फुटतात, पण दरवर्षी जाळलं तर बी आणि जमिनीवरचे जीव जातात, पवन्याही हटतो. "जाळल्याने गवत चांगलं येतं" हा समज हिरव्या कोंबांमुळे होतो. राख पडल्यावर कोंब नुसते उठून दिसतात.

शाळामास्तर

मग ठरलं. गायरानात झाडं नाहीत. 200 पैकी निम्मी रोपं ओढ्याकाठी आणि शाळेच्या आवारात, गुलमोहर यादीतून काढून कडुनिंब, करंज, चिंच आणि बाभूळ. बाकी रोपं शेजारच्या गावाला. ऑक्टोबरच्या चौकटींआधी मुलांना गवत ओळखायला लागेल. कुठून सुरुवात करू?

गवतकाडी (धागाकर्ता)

कुसळीपासून. तिचं पिकलेलं बी सहज सापडतं आणि मुलं विसरत नाहीत. बियाला खाली टोकदार, केसाळ चोच असते आणि वर पिळलेलं काळपट कुसळ, मधे गुडघ्यासारखं वाकलेलं. बी तळहातावर ठेवून कुसळावर पाण्याचा एक थेंब सोडा. पीळ सुटायला लागतो आणि कुसळ गोल फिरतं. वाळलं की उलटं फिरतं. जमिनीवर वाकडी बाजू गवताच्या काडीला अडते, मग फिरतं ते बी, आणि चोच मातीत शिरते. चोचीवरचे केस मागे झुकलेले असल्याने ते परत वर येत नाही. मेंढीच्या लोकरीत आणि कातडीतही ते असंच घुसतं, म्हणून मेंढपाळ कुसळं पिकल्यावर कळप तिथून हलवतात. मुलांना हातमोजे द्या आणि डोळे सांभाळायला सांगा.

मग मारवेल: पेरावर पांढऱ्या केसांचं कडं आणि टोकाला बोटांसारखा तुरा. पवन्या त्यानंतर. प्रत्येकाचा एक ठोंब मुळासकट वर्तमानपत्रात दाबून, खाली जागा आणि तारीख लिहून ठेवा. पुढच्या वर्षीच्या वर्गाला तोच संच उपयोगी पडेल. दोरी आणि चौकटींच्या जागा दगडावर रंगाने खुणावून ठेवा, म्हणजे दरवर्षी त्याच दहा जागी मोजता येईल.